अक्षराचं वळण बदललं की शिरोरेषा का तुटते?

एका दिवाळी अंकाच्या शीर्षकांसाठी फॉन्ट करत होतो. मुळातला ळ मला आखूड वाटत होता, म्हणून त्याच्या दोन्ही वाट्या मोठ्या केल्या आणि अक्षर ४० युनिट (युनिट हे फॉन्टमधलं मोजमाप) रुंद केलं. सुटा ळ छान दिसला. मग 'दिवाळी' टाइप केलं, तर ळ आणि त्याच्या वेलांटीच्या मधे शिरोरेषेवर केसाएवढी पांढरी फट. दोन संध्याकाळी मी तो ळ पुन्हा पुन्हा काढत बसलो. वाट्यांचे वळसे बदलले, शिरोरेषा जाड करून पाहिली. फट जागची हलली नाही, कारण दोष ळच्या आकारात नव्हताच. तो उजव्या कडेच्या एका आकड्यात होता.

त्यानंतर हाच बिघाड मी स्वतःच्या आणि इतरांच्या फाइलींमध्ये बऱ्याच वेळा सोडवला आहे. खुल्या परवान्याचा एखादा देवनागरी फॉन्ट घ्यायचा, पाच-दहा अक्षरांना आपलं वळण द्यायचं आणि ग्राहकासाठी खास फॉन्ट तयार करायचा, हे काम आता बरेच जण करतात. प्रत्येकाची गाडी याच ठिकाणी अडते. म्हणून तपासणीचा माझा क्रम इथे देतो. फुकटातल्या आणि दोन मिनिटांच्या गोष्टी आधी, कष्टाच्या शेवटी. हा क्रम मोडू नका. अक्षर पुन्हा काढणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे आणि त्याची गरज फार क्वचित पडते.

लक्षणं

आधी आपल्याला नक्की काय दिसतंय ते ओळखा. 'शिरोरेषा तुटली' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान सहा वेगळे दोष येतात.

- दोन अक्षरांच्या मधे बारीक पांढरी किंवा राखाडी उभी रेघ दिसते. झूम बदलला की ती दिसेनाशी होते किंवा दुसऱ्या सांध्यावर जाते.
- फट खरीच आहे. कितीही झूम करा, छापून पाहा, ती असतेच.
- रेषा जुळते, पण सांध्यावर पायरी पडते. एक अक्षर किंचित वर, दुसरं किंचित खाली.
- शिरोरेषा आणि काना मिळतात तिथे पांढरा चौकोन पडतो, जणू कात्रीनं तुकडा कापला आहे.
- सुटं अक्षर बरोबर, पण जोडाक्षरात, इकारात किंवा रफार आल्यावर बिघडतं.
- बदल केला तरी पडद्यावर जुनंच अक्षर येतं.

प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. पायरीवर फटीचा उपाय केला तर दोन्ही बिघडतं.

आधी फॉन्टच्या बाहेर पाहा

पहिली तपासणी प्रिंटरची. तोच शब्द २४ पॉइंटात साध्या लेझर प्रिंटरवर छापा. कागदावर रेषा सलग आली आणि फक्त पडद्यावर फट दिसली, तर कडांवरचा जोड अपुरा आहे, अक्षर चांगलं आहे. कागदावरही फट आली तर पुढचं वाचत राहा.

दुसरी तपासणी अक्षरांमधल्या अंतराची. मजकुराच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकिंग किंवा लेटर-स्पेसिंग शून्यावर आहे का ते बघा. रोमन मजकुराला दिलेली मोकळीक देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटणारच, मग फॉन्ट जगातला सर्वोत्तम का असेना. वेबसाइटवर तर शीर्षकाची शैली इंग्रजी पानावरून तशीच उचललेली असते. इनडिझाइनमध्ये कर्निंग, म्हणजे ठरावीक जोडीतल्या अक्षरांमधलं अंतर, 'ऑप्टिकल'वर असेल तर 'मेट्रिक्स'वर आणा, कारण ऑप्टिकल प्रकार कडा पाहून अक्षरं सरकवतो आणि शिरोरेषेची त्याला जाण नसते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल तर जोडाक्षरं आणि इकार सुटे पडतात. तो दोष फॉन्टचा समजून लोक रात्र घालवतात.

तिसरी तपासणी जुन्या फॉन्टची. संगणक फॉन्टची प्रत जपून ठेवतो आणि तुम्ही नवी फाइल बसवली तरी जुनीच दाखवू शकतो. यावर माझा साधा उपाय आहे. प्रत्येक चाचणीला फॉन्ट-कुटुंबाचं नावच बदलायचं: तपास१, तपास२, तपास३. नाव नवं असेल तर गोंधळाला जागाच राहत नाही.

याच ठिकाणी मराठीचा एक खास सापळा आहे. पुष्कळ फॉन्टांत ल आणि श प्रत्येकी दोन असतात. युनिकोडमध्ये संकेतांक एकच, पण फॉन्टच्या पोटात पाकळीचा मराठी ल वेगळा आणि हिंदी वळणाचा ल वेगळा. मजकुराची भाषा मराठी ठेवली असेल तर फॉन्ट हिंदी वळणाच्या जागी मराठी बसवतो. तुम्ही एक बदलला आणि पडद्यावर दुसरा आला, तर बदल 'लागला नाही' असं वाटतं. दोन्ही बदला.

रेडियम कटिंगवाल्यांचं गाऱ्हाणं थोडं वेगळं असतं. 'तुमच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला उभा काप पडतो' असा फोन येतो. अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि त्या चढलेल्याच असायला हव्यात. कटरचं पातं मात्र प्रत्येक बाह्यरेषेवरून फिरतं. कोरलड्रॉमध्ये मजकुराचे कर्व्ह करून 'वेल्ड' केलं की काप जातात. फॉन्टला हात लावू नका.

चाचणीचे शब्द

आता फॉन्टच्या आत जायचं, पण त्याआधी शब्दांची एक फाइल करून ठेवा. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक चाचणी-याद्या हिंदीसाठी असतात. त्यांत ळ नसतो, 'ऱ्य' नसतो, 'ॲ' नसतो. माझ्या फाइलीत बदललेलं प्रत्येक अक्षर आधी दोन न मधे येतं: नकन, नमन, नळन. मग स्वतःशेजारी: ककक, ममम, ळळळ. नंतर कमळ, दिवाळी, मिळकत, पर्वत, त्यांनी, मुलांना, दऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, ॲप, ऑफिस. आणि शेवटी दोन जोड्या: भरण-मरण, धन-घन.

त्या जोड्या का, ते सांगतो. भ, ध आणि थ या अक्षरांची शिरोरेषा डावीकडे जन्मतःच तुटलेली असते. हा दोष नाही, ते त्या अक्षरांचं रूप आहे. ही मोकळी जागा बुजली की भचा म होतो आणि धचा घ. फटी बुजवण्याच्या भरात एका मुलानं सगळ्या अक्षरांवर सरसकट सलग रेघ चढवलेली मी पाहिली आहे. त्या फॉन्टमध्ये 'भरण' लिहिलं की 'मरण' उमटत होतं.

शिरोरेषेची उंची

पायरीचं कारण इथे सापडतं. फॉन्ट १००० युनिटांच्या चौकटीत असेल आणि शिरोरेषेची वरची कड ६६० वर, खालची ५९० वर ठरली असेल, तर प्रत्येक अक्षरात तेच दोन आकडे हवेत. ६६१ चालत नाही, ६५९.५ ही चालत नाही. माउसनं बिंदू ओढताना एखादं युनिट सहज सरकतं. ते मोठ्या आकारात दिसत नाही, पण लहान आकारात पिक्सेलची सीमा ओलांडली की सबंध रेषा एक पायरी चढते.

डोळ्यांनी तपासू नका, आकडे वाचा. फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फाइंड प्रॉब्लेम्स'ला एखादी उंची सांगितली की तिच्या जवळ असलेले पण तिच्यावर नसलेले बिंदू तो शोधून देतो. हे काम पाच मिनिटांचं आहे. सुट्या अक्षरांबरोबर अर्धी अक्षरं, काना, वेलांट्या आणि ऱ्यचा अर्धा र हेही त्यात घ्या.

फॉन्ट १००० वरून २०४८ च्या चौकटीत नेला असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. काही अक्षरांत शिरोरेषा थेट काढलेली असते, काहींत तुकडा म्हणून वर उचलून ठेवलेली. समजा शिरोरेषा ६२० वर आहे. थेट काढलेली ६२० ची कड मोठी होऊन १२७० वर जाते. तुकड्यातली ५५० ची कड होते ११२६ आणि तिला उचलणारे ७० होतात १४३, म्हणजे बेरीज १२६९. पूर्णांकानं एक युनिट खाल्लं. अर्ध्या फॉन्टमध्ये पायरी पडते आणि कारण दिसत नाही.

उजवी कड: बहुतेक वेळा चोर इथेच

पुष्कळांना वाटतं की एका अक्षराची शिरोरेषा संपते तिथेच दुसऱ्याची सुरू झाली म्हणजे रेषा सलग झाली. चौकोन चौकोनाला टेकला, फट कुठून येणार? पडद्यावर मात्र येते.

समजा सांधा एका पिक्सेलच्या बरोबर मधे पडला. डावं अक्षर त्या पिक्सेलचा अर्धा भाग व्यापतं, म्हणून संगणक तो ५० टक्के काळा करतो. मग उजवं अक्षर येतं. तेही अर्धाच व्यापतं, म्हणून उरलेल्या पांढऱ्यातला अर्धा काळा होतो. एकूण ७५ टक्के. पूर्ण काळ्या रेषेत एक राखाडी ठिपका उरतो आणि डोळ्याला तो फट म्हणून दिसतो. झूम बदलला की सांधा पिक्सेलच्या वेगळ्या जागी पडतो, म्हणून ती फट फिरत राहते.

म्हणून शिरोरेषा अक्षराच्या रुंदीबाहेर थोडी काढावी लागते, म्हणजे ती शेजाऱ्यावर चढते. मी डावीकडे शून्य ठेवतो आणि उजवीकडे ३० युनिट बाहेर. १६ पिक्सेलच्या मजकुरात एक पिक्सेल म्हणजे साडेबासष्ट युनिट. ३० युनिट चढवले की तोच मधला पिक्सेल ७५ ऐवजी ९९ टक्के भरतो आणि डोळा तक्रार करत नाही. मग ६० का नाही? कारण पुढचं अक्षर भ किंवा ध असेल तर मागच्याची रेघ त्याच्या मोकळ्या जागेत शिरते आणि भरण-मरणाचा घोळ पुन्हा सुरू होतो. नेमका आकडा तुमच्या फॉन्टच्या जाडीवर ठरेल, पण तो प्रत्येक अक्षराला सारखाच हवा.

माझ्या ळचं हेच झालं होतं. अक्षर रुंद करताना मी शिरोरेषेचं टोक ओढलं आणि सॉफ्टवेअरनं ते रुंदीच्या रेघेला चिकटवलं. रुंदी ६५२ आणि टोकही ६५२. ते ६८२ वर हवं होतं. दोन बिंदू निवडून ६८२ लिहिल्यावर फट गेली.

अक्षराची रुंदी बदलल्यावर न चुकता तीन आकडे वाचा: रुंदी, शिरोरेषेचं डावं टोक, उजवं टोक. बाकीचा आकार कितीही सुंदर असो, हे तीन आकडे शेजाऱ्यांशी जुळत नसतील तर रेषा तुटते.

आकडे बरोबर असूनही ठरावीक जोडीतच फट येत असेल तर कर्निंग बघा. आपोआप कर्निंग करणारी साधनं अक्षरं एकमेकांपासून लांबही करतात. देवनागरीत अक्षरं लांब करणारं कर्निंग चढवलेल्या ३० युनिटांपेक्षा जास्त झालं की फट उघडते. अशा जोड्या काढून टाका. रोमनसाठी ठेवलेलं कर्निंग तसंच राहू द्या.

पांढरा चौकोन

काना आणि शिरोरेषा वेगवेगळ्या आकृत्या असतात आणि एकमेकींवर चढतात. दोघींच्या बाह्यरेषा एकाच दिशेनं फिरत असतील तर चढलेला भाग काळा राहतो. एक उलट फिरली की त्या भागाला भोक समजलं जातं. अक्षर आडवं उलटवून, म्हणजे आरशातल्यासारखं करून, वापरलं की दिशा उलटते. हे दोषाचं नेहमीचं कारण आहे. फॉन्टफोर्जमध्ये आधी 'करेक्ट डिरेक्शन', मग 'रिमूव्ह ओव्हरलॅप'. क्रम महत्त्वाचा आहे, कारण दिशा चुकलेली असताना आकृत्या एक केल्या तर भोक कायमचं कोरलं जातं. आणि हे मूळ फाइलीच्या प्रतीवर करा. काना आणि शिरोरेषा एकदा विरघळल्या की पुढच्या वेळी अक्षर बदलणं फार जड जातं.

कुटुंबाला कळवलं का?

सुटं अक्षर बरोबर आणि शब्दात बिघडतं, तर बदल एकाच ठिकाणी झाला आहे. देवनागरी फॉन्टमध्ये म हे एक अक्षर नसतं. म, अर्धा म, म्ह, म्र, अशी ती सगळी भावकी असते आणि त्यातली पुष्कळ स्वतंत्र काढलेली असतात. मला विचाराल तर या कामात सर्वात जास्त वेळ इथेच द्यावा. ग्राहक 'माझा म बदला' म्हणतो तेव्हा तो एका अक्षराचे पैसे देत असतो आणि आपण वीस अक्षरांचं काम स्वीकारत असतो. हे आधीच बोलून घ्या.

त्यात इकार सगळ्यात नाजूक. 'मि' लिहिताना इकाराची वरची कमान मच्या कान्यापर्यंत पोहोचायला हवी. म ४० युनिट रुंद केला की ती अलीकडेच थांबते आणि हवेत लटकते. चांगल्या फॉन्टांत वेगवेगळ्या लांबीचे अनेक इकार असतात आणि कोणत्या अक्षराला कोणता लावायचा त्याचे गट केलेले असतात. तेव्हा नवा इकार काढण्याआधी अक्षर पुढच्या गटात टाकून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

रफार, अनुस्वार आणि मात्रा अँकर नावाच्या खुणेवर बसतात. अक्षर वाढलं, काना सरकला, पण खूण जुन्या जागीच राहिली, तर पर्वतातला रफार वच्या पोटावर येतो. काना जितका सरकवला तितकीच खूण सरकवा. अनुस्वार मराठीत जागोजागी येतो, त्यामुळे ही चूक पहिल्याच परिच्छेदात दिसते.

फक्त लहान आकारात, फक्त विंडोजवर

हे हिंटिंगचं लक्षण, म्हणजे लहान आकारात अक्षर पिक्सेलवर नीट बसवणाऱ्या सूचनांचं. शिरोरेषेची उंची बदलली आणि फॉन्टच्या संरेखन-पट्ट्यांत (रेषा कोणत्या उंचीवर बसवायची ते सांगणाऱ्या आकड्यांत) जुनीच उंची राहिली, तर लहान आकारात काही अक्षरांची रेषा एक पिक्सेल वर-खाली होते. पट्ट्यांचे आकडे नवे करा आणि ट्रूटाइप फाइलीवर टीटीएफऑटोहिंट हे आपोआप हिंटिंग करणारं साधन चालवा. त्याला देवनागरी कळते. एवढ्यानं गेलं तर उत्तम.

इथे थांबा

ऑटोहिंटनंतरही दोष राहिला तर हातानं हिंटिंग करायला जाऊ नका. ते वेगळं शास्त्र आहे आणि अर्धवट केलेलं हिंटिंग बिनहिंटिंगपेक्षा वाईट दिसतं. व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाइलीत अनेक जाड्या देणारा) असेल आणि मधल्या जाडीत शिरोरेषा पिळवटत असेल, तर सगळ्या मास्टरांतल्या, म्हणजे हातानं काढलेल्या मूळ जाड्यांतल्या, बिंदूंची संख्या आणि क्रम जुळवावा लागतो. तिथेही फॉन्ट अभियंत्याला बोलवा. जोडाक्षरांचे नियमच मोडले असतील, म्हणजे 'क्ष'च्या जागी पाय मोडलेला क आणि ष येत असतील, आणि नियमांची फाइल तुम्ही कधी उघडलेली नसेल, तर एकही ओळ न बदलता थांबा.

परवान्याचा प्रश्न तांत्रिक नाही, पण थांबवणारा आहे. ओपन फॉन्ट लायसन्सखालचा फॉन्ट बदलता येतो. मूळ कर्त्यांनी नाव राखीव ठेवलं असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव देता येत नाही आणि बदललेला फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. ग्राहकाला तो 'फक्त माझा' हवा असेल तर हा पाया चालणार नाही. विकत घेतलेला फॉन्ट असेल तर बदलण्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय फाइल उघडू नका.

तज्ज्ञाला काम देताना एक्स्पोर्ट केलेला फॉन्ट एकटा पाठवू नका. मूळ संपादनाची फाइल, बदल करण्याआधीची प्रत, वरच्या शब्दांची पीडीएफ, आणि दोष कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत, किती आकारात दिसतो त्याचा स्क्रीनशॉट, एवढं द्या. बदललेल्या अक्षरांची यादी जुन्या आणि नव्या रुंदीसह जोडा. ती यादी असली की बहुधा त्याला पहिल्या तासातच सांधा सापडतो.